तिखटावर फुकटचा आळ

पोळ्याला श्रावण संपतो आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या आष्टीत कोंबडीच्या दुकानासमोर सकाळपासून गर्दी होते. गल्लीत पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागत फिरतात आणि घराघरांतून खोबरं भाजल्याचा वास येतो. आमच्या घरी यंदा तो वास यायच्या आधीच वाद झाला. आत्याला साखरेचा आजार, मामाला बीपी, पुण्याहून आलेल्या भाचीला सिलिअॅक म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार, आणि चुलतभावाचं आतडं कांदा-लसणानं फुगतं. आई पाटा सोडून उठली. "मंग आता उकडलेलं कोंबडं वाढू का सगळ्याइले?"

पथ्य म्हटलं की आपल्याकडे पहिला बळी तिखटाचा जातो. मिरची काढली, मसाला काढला, पांढरट पाणचट रस्सा केला, की पथ्य झालं असं घर समजतं. मग रुग्ण दोन घास खाऊन ताट सारतो आणि रात्री चिवड्याचा डबा उघडतो. गंमत म्हणजे आमच्या चौघांपैकी एकाच्याही आजाराचं मूळ मिरचीत नव्हतं.

"तिखटानं पोटात अल्सर होतो" हे मामाचं ठाम मत. एके काळी डॉक्टरही तिखट आणि मनस्ताप यांनाच दोष देत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोघांनी दाखवलं, की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो. कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनं तो जीवाणू स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. काही वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतल्यानंही अल्सर होतो. आधीच जळजळ होत असेल तर मिरचीनं ती जाणवते, हे खरं. अशा माणसानं तिखट कमी खावं. पण त्याहून आधी त्यानं रश्श्यावर तरंगणारी बोटभर तर्री बाजूला सारावी. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. सावजी रस्सा खाऊन रात्रभर बसून काढणारा माणूस सकाळी मिरचीला शिव्या देतो, तेलाला नाही.

बीपीचंही तेच. मिरची खाऊन घाम येतो, नाक वाहतं, कान तापतात, म्हणून माणसाला वाटतं की बीपी वाढलं. ते वाढवणारा पदार्थ पांढरा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाच्या चमच्यानं सपाट एक चमचाही नाही. त्यात भाजी, भाकर, लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. तयार मसाल्याच्या पुडीवर घटक वाचा. बऱ्याच पुड्यांत मीठ असतं, आणि आपण वरून चवीपुरतं पुन्हा टाकतो.

मामा गेली दोन वर्षं सैंधव खातात आणि त्यामुळे निर्धास्त आहेत. सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असल्यानं सोडियम कमी होत नाही आणि आयोडीन मात्र सहसा मिळत नाही. याहून धोक्याची गैरसमजूत 'कमी सोडियमच्या' मिठाची. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ज्याची किडनी धड आहे त्याला ते बहुधा मानवतं. किडनी अधू असेल किंवा पोटॅशियम साठवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

मीठ सोडण्याच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचा वारसा मोठा आहे. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी त्याच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेत, आजारी कस्तुरबांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही तरी सोडाल का, असं त्या म्हणाल्या, आणि गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडून दिलं. आमच्या मामाला ही गोष्ट आवडते. लोणच्याची फोड तोंडात असताना ते ती सांगतात.

आता भाचीची गोष्ट, आणि खरी मेख इथे आहे. "भात तिला चालते, कोंबडी चालते, मंग भ्या कायचं?" असं आत्या म्हणाली. भात चालतो, कोंबडी चालते, अख्खे धने, मिरे, लवंगा सगळं चालतं. अडचण फोडणीत येते. हिंगाच्या डबीतला हिंग बहुतेकदा शुद्ध नसतो. अफगाणिस्तान-इराणकडून येणारा हा डिंक इतका उग्र असतो, की खाण्याचा गोंद आणि पीठ मिसळून तो बांधावा लागतो. (आपल्या देशात त्याची लागवड करून पाहायला २०२० साल उजाडलं, तेही लाहौलच्या थंडीत.) हे पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काही डब्यांत तांदळाचं. चिमूटभरानं काय होतं, हा प्रश्न सिलिअॅकमध्ये विचारायचाच नसतो. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी वजन. सिलिअॅक ही अॅलर्जीही नव्हे आणि शहरी फॅडही नव्हे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. त्यावर गोळी नाही, जन्मभर गहू, जव आणि राय नावाचं धान्य वर्ज्य, एवढाच उपाय. आणि संशय आला म्हणून आधीच गहू बंद करून तपासणीला जाऊ नये. गहू खाणं चालू असतानाच रक्ततपासणी खरं बोलते.

हिंग टाळला तरी रस्सा दाट करताना चूक होते. काही घरी ज्वारीचं पीठ लावतात, काही घरी डाळ्याचं कूट. ज्वारीत ग्लुटेन नसतं, हे बरोबर. पण ती ज्वारी दळली कुठे? गावच्या गिरणीत आधीच्या बाईचे गहू उतरले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते आणि पहिलं दोन-तीन मुठी पीठ तर सरळ गव्हाचंच येतं. सुट्या मसाल्यालाही हेच लागू. पाकिटावर निदान गहू, दूध, शेंगदाणे यांसारख्या पदार्थांची नोंद कायद्यानं करावी लागते. कागदाच्या पुडीला तोंड नसतं. म्हणून भाचीसाठी अख्खा मसाला निवडून घरच्याच मिक्सरमध्ये काढायचा. रस्सा खोबरं-खसखस वाटून दाट होतो, पिठाची गरजच पडत नाही.

याच्या उलट चुलतभावाचं. त्याला गव्हापेक्षा कांदा-लसूण छळतो. त्यात फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, ती लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यात जीवाणू तिचा वायू करतात. अशा पदार्थांची यादी आणि आहार मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं तयार केला. लसणाशिवाय कोंबडी कशी करायची, म्हणून आई हवालदिल झाली होती. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेव्हा ठेचलेला लसूण गरम तेलात मंद परतायचा, तांबूस झाला की पाकळ्या सगळ्या काढून टाकायच्या आणि त्याच तेलात पुढची फोडणी करायची. वास लसणाचा, त्रास नाही. मात्र रश्श्यात लसूण उकळून मग काढला तर उपयोग नाही, फ्रुक्टान पाण्यात उतरलेलं असतं. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घ्यायचा. आणि हे लसणाचं तेल त्या वेळेपुरतंच करावं, बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नये. हवाबंद तेलातल्या लसणात बोट्युलिझमचे जीवाणू वाढू शकतात.

कोंबडीविषयी जे बोललं जातं त्याला उत्तर थोडक्यात पुरे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोची होते ती निवडक जातींची पैदास आणि खाद्य यांमुळे. इंजेक्शन टोचून फुगवतात ही अफवा आहे. काळजी करायची तर प्रतिजैविकांची करा. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधावर पशुपालनात केंद्र सरकारनं २०१९ मध्ये बंदी आणली, ती उगाच नाही. गावरान कोंबडी चवीला सरस, पण तिच्यात कोलेस्टेरॉल नसतं हे खोटं. चरबी मुख्यतः चामडीत आणि चामडीखाली असते, ती काढली की निम्मं काम होतं. आणि कोंबडी नळाखाली घसाघसा धुण्यानं ती स्वच्छ होत नाही, शिंतोड्यांबरोबर जीवाणू ओटाभर पसरतात. ते मरतात शिजवल्यानं. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसवर गेलं पाहिजे, हाडाजवळ गुलाबी राहता कामा नये.

राहिली आत्या. "मले तं डॉक्टरनं भात बंदच केला," असं सांगून तिनं तीन भाकरी वाढून घेतल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यात १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात ७८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत, ज्वारीत ६८च्या आसपास. फरक आहे, ज्वारीत तंतूही जास्त. पण तो तीन भाकरी माफ होण्याइतका नाही. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकर आणि शिजलेल्या भाताची मध्यम वाटी यांतली कर्बोदकं फारशी दूर नाहीत. पेज काढून टाकली की भातातली साखर जाते, हाही समज तसाच. थोडा स्टार्च जातो, ब जीवनसत्त्व मात्र बरंच जातं, आणि दाण्यातला स्टार्च दाण्यातच राहतो. भात गार केला की काही स्टार्च न पचणाऱ्या रूपात बदलतो, हे खरं असलं तरी लाभ बेताचा. त्या नादानं वऱ्हाड-विदर्भाच्या उकाड्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवला तर बॅसिलस सिरियसचं विष तयार होऊ शकतं आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. साखरेला खरा उपयोग होतो तो क्रमाचा: आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि कोंबडीचे तुकडे, मग भात, तोही मोजून.

म्हणून आम्ही बिर्याणी करायच्या भानगडीत पडलो नाही. मसाल्यात मुरलेल्या भातात तेल किती आणि भात किती हे मोजता येत नाही. भात वेगळा, रस्सा वेगळा.

सहा माणसांना एक किलो कोंबडी, चामडी काढून. तिला हळद, आल्याचा रस आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवली. दही मुद्दाम घेतलं नाही, कुणाला दुधाचं काही असेल तर प्रश्नच नको. (दुधाची अॅलर्जी आणि दूध न पचणं या दोन वेगळ्या गोष्टी. न पचणाऱ्याला थोडं दही बहुधा चालतं, अॅलर्जीवाल्याला थेंबही नाही.) हळद आमच्या जिल्ह्यातल्या वायगावची, मिरची भिवापूरची, दोघींनाही भौगोलिक मानांकन आहे. तीन चमचे धने, एक चमचा जिरे, दहा-बारा मिरे, पाच लवंगा, दालचिनीचा तुकडा, दगडफुलाची चिमूट, सात मिरच्या, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप, एक चमचा खसखस. सगळं कोरडं, मंद आचेवर, वेगवेगळं भाजलं. आईनं खोबरं थोडं जास्तच काळपट केलं, आमच्याकडे ते तसंच लागतं. मसाला वाटण्यापूर्वी मिक्सरचं भांडं कोरडं पुसून घेतलं, कारण आदल्या दिवशी त्यात पुरणपोळीची कणीक-साखर फिरली होती. मग भाचीनं ते हातातून घेतलं आणि साबणानं धुतलं. पुसणं पुरेसं नव्हतं, तिचंच बरोबर.

तीन मोठे चमचे तेल, त्यात लसूण परतून काढला. तेजपान, टोमॅटो दोन, वाटण, कोंबडी. पाणी गरम घातलं. झाकण ठेवून पस्तीस मिनिटं. मीठ सहाजणांना मिळून चहाचा दीड चमचा सपाट, बाकी कमी वाटलं तर लिंबू. आंबटपणानं खारटपणाची कमी झाकली जाते. काढलेला लसूण फेकला नाही, ज्यांना चालतो त्यांच्यासाठी कुरकुरीत करून वाटीत वेगळा ठेवला. पातीचा हिरवा भाग वरून.

मामांनी पहिला भुरका मारला आणि "मीठ कमी हाय" म्हणून बरणीकडे हात नेला. बरणी भाचीच्या बाजूला होती, तिनं लिंबाची फोड पुढे केली. आत्यानं वाटी पुढे केली आणि म्हणाली, "एवढुसाक भात." आईनं तिच्या वाटीत रस्सा ओतला.