उशिरा आलेली पाळी की गर्भपात?

पाथर्डी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत पाळीविषयी बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक शिक्षिका मागे थांबल्या. त्यांच्या वर्गातील एका मुलीची आई ऊसतोडीला गेली होती. तिची पाळी बारा दिवस लांबली, मग एकदम आली आणि नेहमीपेक्षा जास्त गेली. खाडा पडला तर पैसे कापतात, म्हणून ती फडातच राहिली. बाईंनी विचारले, "ही लांबलेली पाळी, की दिवस राहिले होते आणि ते गेले? बाईमाणसाने ओळखायचे कसे?"

याचे प्रामाणिक उत्तर असे, की नुसता रक्तस्राव पाहून ते ओळखता येत नाही. का येत नाही, हे समजून घेतले तर अशा वेळी काय करावे हेही कळते.

दोन वाटा, एकच शेवट

बीजांड बाहेर पडले की बीजकोशात त्याच्या जागी एक छोटा पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवतो आणि त्या बळावर गर्भाशयाचे आतले अस्तर टिकून राहते. पीतपिंडाचे आयुष्य साधारण चौदा दिवसांचे. गर्भ रुजला नाही तर तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि अस्तर गळून पडते. हीच पाळी.

गर्भ रुजला तर त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात. 'अजून काम थांबवू नकोस' हा निरोप ते पीतपिंडाला देते. पण गर्भाची वाढ खुंटली तर निरोप येईनासा होतो, पीतपिंड सुकतो आणि तेच अस्तर त्याच रीतीने गळते. म्हणून अगदी सुरुवातीचा गर्भपात पाळीसारखाच दिसतो.

उलट, दिवस राहिले नसतानाही पाळी लांबू शकते. आजारपण, काळजी, उपासमार, अतिश्रम किंवा थायरॉइडचा दोष यांमुळे बीजांड बाहेर पडायलाच उशीर होतो. तोवर अस्तर वाढत राहते आणि मग पाळी उशिरा व जास्त येते. म्हणजे 'उशिरा आली आणि जास्त गेली' एवढ्यावरून गर्भपात सिद्ध होत नाही.

हे किती वेळा घडते?

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांच्या लघवीतील एचसीजी रोज मोजण्यात आले. त्याचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. एकूण १९८ गर्भधारणा आढळल्या. त्यांपैकी २२ टक्के, दिवस राहिल्याचे एरवी लक्षात येण्याआधीच संपल्या. पुढे झालेले गर्भपात धरले तर हे प्रमाण ३१ टक्के झाले. म्हणजे ही घटना विरळा नाही, फक्त ती सहसा कोणाला कळत नाही.

पाळी चुकून दोन-तीन आठवडे उलटल्यावर गर्भपात झाला, तर फरक जास्त जाणवतो. कळा पाळीपेक्षा तीव्र असतात, गाठी पडतात, कधी पांढुरका-राखाडी तुकडा पडतो. असा तुकडा स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांना दाखवावा.

तपासणी काय सांगते?

खरा पुरावा एचसीजीचा. लघवीच्या तपासणीची पट्टी तेच शोधते. औषधाच्या दुकानात ती मिळते. आशा सेविकांमार्फत देण्यासाठी शासनाने 'निश्चय' नावाचा संच काढला आहे. पाळी चुकल्याबरोबर, सकाळच्या पहिल्या लघवीवर ही तपासणी करावी. रक्तस्राव सुरू झाल्यावरही ती करता येते, कारण गर्भपातानंतर एचसीजी काही दिवस, कधी काही आठवडे, शरीरात राहते.

दोन रेघा उमटल्या तर घरी थांबू नये. गर्भ अजून टिकून असेल, गर्भपात अर्धवट झाला असेल किंवा गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असेल. दवाखान्यात ४८ तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून एचसीजी वाढते की घटते ते पाहतात, सोनोग्राफी करतात. एकच रेघ आली तर दिवस राहिलेले नसण्याची शक्यता जास्त. तरी फार लवकर झालेला गर्भपात त्यातून निसटू शकतो.

वाट पाहू नये अशी लक्षणे

बीजवाहिनीत रुजलेला गर्भ वाढला की नलिका फुटते आणि पोटात रक्त साचते. तेव्हा बाहेर दिसणारे रक्त थोडेच असू शकते, म्हणून 'थोडेच जातेय' यावर विसंबू नये. पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, भोवळ येणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे. तासाला एक पॅड पूर्ण भिजणे आणि असे सलग दोन तास चालणे. ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव. यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे, मग पट्टी काहीही सांगो.

दोष कोणाचा?

सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो बहुतेकदा फलनाच्या आधी किंवा फलनाच्या सुमारासच पडतो. आपल्याकडे मात्र पपई खाल्ली, पाऊल वाकडे पडले, असे म्हणत बोट बाईकडेच दाखवले जाते. हे वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावातल्याच, शाळेत फारशा न गेलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. शरीराचे शास्त्र सोप्या बोलीत सांगितले तर ते सर्वांना कळते, हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले.

शिक्षकांनी एवढे करावे: पाळीच्या पहिल्या दिवसावर दिनदर्शिकेत खूण करायची सवय मुलींना लावावी. ती खूण घरी आईपर्यंतही पोचते. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो शेवटच्या पाळीच्या तारखेचा, आणि फडावर असलेल्या बाईकडेही ती तारीख असायला हवी.