वादळवारा आणि अवजारघराचें दार

वादळाची चाहूल लागली म्हणजे कोंकणांतील बागाइतदार प्रथम छपराकडे पाहतो. कौलें सारखीं करतो, पत्रे तारांनीं आवळतो. दाराकडे मात्र त्याचें लक्ष जात नाहीं. पॉवर टिलर, पंप, खताचीं पोतीं ठेवण्यासाठीं जें पत्र्याच्या दाराचें अवजारघर बांधलेलें असतें, त्याचें रुंद दार हेंच पुष्कळदां त्याचें सर्वांत दुबळें अंग असतें, ही गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

3 जून 2020 रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें अलिबागेच्या दक्षिणेस किनारा ओलांडला, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं 110 ते 120 किलोमीटर होता. ताशीं 110 किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारें 57 किलो भरतो. म्हणजे तीन मीटर लांबरुंद दारावर 500 किलोंहून अधिक भार पडतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. दार फुटलें कीं वारा आंत कोंडतो व छपरास खालून वर उचलतो. त्याच वेळीं बाहेरचा वारा तें वरून ओढीत असतो. दार गेलें कीं छप्पर जावयास फारसा वेळ लागत नाहीं. अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत ऑगस्ट 1992 मधील ‘अँड्र्यू’ वादळानंतर झालेल्या पाहणींतही मोटारघरांचीं दारें आधीं फुटून मग छपरें गेल्याचें अनेक ठिकाणीं आढळलें.

उपाय गांवच्या सुताराला व लोहाराला सहज करतां येण्याजोगे आहेत.

(1) दोन फळ्यांच्या दारास आंतून लोखंडी अँगलच्या निदान तीन आडव्या पट्ट्या, पत्र्यांतून आरपार बोल्ट घालून, बसवाव्यात. नुसते स्क्रू उपटून येतात.

(2) फळ्या जेथें मिळतात तेथें खालीं जमिनींत व वर चौकटींत शिरणारे मजबूत खिटे असावेत. शिवाय या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारा जाड अडसर असावा.

(3) बिजागऱ्या दोनांऐवजीं चार असाव्यात.

(4) गुंडाळतें शटर असल्यास त्याच्या मध्यभागीं काढतां-घालतां येणारा उभा खांब ठेवावा. तो खालीं-वर खिळवावा. शटराच्या कडा बाजूच्या खांचांत पुरेशा खोल बसल्या आहेत कीं नाहीं, हेंही पाहावें.

हा सर्व भार अखेर भिंतीवर जातो, हें विसरूं नये. चिऱ्याच्या भिंतींत चौकटीचे होल्डफास्ट सैल असतील, तर दार कितीही भक्कम केलें तरी तें चौकटीसकट निघून येईल. यास्तव ते प्रथम काँक्रीटमध्यें पक्के करावेत. खाऱ्या हवेंत लोखंड लवकर गंजतें. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरून ते दरवर्षीं तपासावेत.

ट्रॅक्टर दारास टेकवून उभा करणें हा उपाय नव्हे. त्यानें दार व यंत्र दोहोंचीही हानि होते. वादळ चालू असतां दार हातांनीं दाबून धरण्याचें साहस तर कोणींच करूं नये.

अरबी समुद्रांतील वादळें बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशीं व पावसाळा सरल्यावर येतात. तेव्हां हें काम चैत्र-वैशाखांतच उरकावें, आणि अडसर वेळेवर हाताशीं सांपडेल अशा जागीं दाराशेजारींच टांगून ठेवावा.