मराठी कथात्म साहित्यातील अद्भुताचे बदलते प्रयोजन

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांतील अद्भुत प्रामुख्याने रंजनार्थ योजिलेले असून संकटपरंपरेचे पर्यवसान सुखान्तात होते. १८८५ पासून हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक वास्तवाला अग्रस्थान दिले व अद्भुत हे अपरिपक्वतेचे लक्षण मानण्याकडे समीक्षेचा कल झाला. तथापि जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दीर्घकथांनी ही धारणा अपुरी ठरविली. तेथे अपरिचित प्रदेशातील भ्रमंती मनुष्याला ईप्सित मिळवून देत नाही, तर नियतीसमोर उभे करते. सारांश, अद्भुताचा रोख इच्छापूर्तीकडून अस्तित्वविषयक प्रश्नांकडे वळला आहे. म्हणून यापुढील अद्भुतकथेचे मूल्यमापन केवळ वास्तवाच्या निकषावर करणे अन्यायाचे होईल. तिने उपस्थित केलेल्या प्रश्नांची खोली हाच तिचा खरा निकष होय.