डिस्कच्या नावात एक स्पेस होती आणि सगळा डेटा उडाला! आयट्यून्सच्या स्क्रिप्टमध्ये २००१ साली काय चुकलं होतं?

नोव्हेंबर २००१. ॲपलनं मॅकसाठी आयट्यून्स २.० आणलं. लोकांनी डाउनलोड केलं, इन्स्टॉल केलं आणि काहींच्या डिस्कवरचा सगळा डेटा गायब झाला. व्हायरस नव्हता, हॅकरही नव्हता. इन्स्टॉलरमधल्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हं द्यायची राहून गेली होती.

आता अवतरणचिन्हांचा आणि डेटाचा काय संबंध? त्यासाठी कमांड कशी वाचली जाते ते बघू.

टर्मिनलमध्ये आपण कमांड टाइप करतो तेव्हा पहिला शब्द असतो प्रोग्रामचं नाव. पुढचे शब्द म्हणजे त्या प्रोग्रामला दिलेली माहिती, म्हणजेच आर्ग्युमेंट. उदाहरणार्थ, 'आरएम' ही पुसून टाकायची कमांड. तिच्यापुढे दोन फाइलची नावं लिहिली की दोन्ही फाइल जातात.

पण नावं दोन आहेत हे ठरवतं कोण? प्रोग्राम नाही, शेल ठरवतो. शेल स्पेस दिसेल तिथं ओळ तोडतो आणि तुकडे प्रोग्रामच्या हाती देतो. स्क्रिप्टमध्ये पहिला तुकडा $१ म्हणून मिळतो, दुसरा $२ म्हणून.

गोची इथंच आहे. समजा तुमच्या डिस्कचं नाव आहे 'फोटो जुने'. स्क्रिप्टला तिच्यावरचं जुनं आयट्यून्स काढून टाकायचंय. डिस्कचा पत्ता अवतरणचिन्हांत नसेल तर बॅशसारखा शेल तो पुन्हा तोडतो. एक तुकडा 'फोटो', दुसरा 'जुने' आणि त्यापुढचा पत्ता. आता मशीनला 'फोटो' नावाची दुसरी डिस्क जोडलेली असेल, तर आरएम ती अख्खी पुसायला घेतो. काही न विचारता.

ॲपलनं ती आवृत्ती मागे घेऊन २.०.१ आणली. पण गेलेला डेटा त्यानं परत येणार नव्हता.

मग स्क्रिप्ट लिहिताना काय करायचं?

१. $१, $२ कायम दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. टर्मिनलवर टाइप करताना दिलेली चिन्हं स्क्रिप्टच्या आत पोचत नाहीत, तिथं ती वेगळी द्यावी लागतात.

२. काम सुरू करण्याआधी आर्ग्युमेंट किती आली ते मोजा. कमी असतील तर वापरायची पद्धत दाखवून तिथंच थांबा.

३. फाइलचं नाव आडव्या रेघेनं सुरू होत असेल तर आरएम त्याला पर्याय समजतो. म्हणून नावांच्या आधी सुट्या दोन रेघा द्या. त्यापुढचं सगळं नाव म्हणूनच वाचलं जातं.

४. पायथॉन वापरत असाल तर 'आर्गपार्स' सोबतच येतं. आर्ग्युमेंट तपासणं, चूक सांगणं, मदत दाखवणं ही कामं ते करतं.

आणि इंटरनेटवरून उचललेली पुसायची कमांड चालवण्याआधी 'आरएम'च्या जागी 'एको' लिहून बघा. काय पुसलं जाणार, याचा अंदाज आधी स्क्रीनवर येईल.