चार पाने, सहा जोड्या

पत्त्यांच्या खेळात कोणती पाने हाती येतील हा नशिबाचा भाग असतो. आलेली पाने खरोखर चांगली आहेत की नुसती दिसायला चांगली आहेत, हे ठरवणे मात्र गणिताचे काम आहे. ‘ओमाहा’ हा पोकरचा प्रकार याचे उत्तम उदाहरण आहे. १९८० च्या दशकात तो अमेरिकेतील लास व्हेगासच्या जुगारगृहांत रुळला. आपण पैसे बाजूला ठेवून त्यातली फक्त मोजणी पाहू.

प्रत्येक खेळाडूला चार पाने मिळतात. ती इतरांना दिसत नाहीत. मध्यभागी सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने उघडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. शेवटी हातातील नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन पाने घेऊन पाच पानांचा डाव बनवायचा. ‘नेमकी’ हा शब्द नवखे खेळाडू विसरतात. मध्ये इस्पिकची चार पाने आहेत आणि हातात इस्पिकचा फक्त एक्का आहे, तर फ्लश, म्हणजे एकाच जातीच्या पाच पानांचा डाव, होत नाही!

चारांतून दोन पाने ६ प्रकारे निवडता येतात आणि पाचांतून तीन १० प्रकारे. म्हणजे एकूण ६० डाव शक्य. म्हणून हात पाहताना चार पाने पाहू नयेत, सहा जोड्या पाहाव्यात. चार एक्के हाती आले तर सहाही जोड्या एक्क्यांच्याच होतात आणि मध्ये तिसरा एक्का येण्याची वाटच बंद होते. याउलट इस्पिकचा एक्का व गुलाम, बदामचा एक्का व दश्शी, असा हात असेल तर एक जोडी एक्क्यांची, दोन जोड्या फ्लशच्या उपयोगाच्या आणि उरलेल्या तीन क्रम लावण्याच्या. एकही जोडी वाया जात नाही.

आता एक प्रश्न. मधल्या पहिल्या तीन पानांत दोन इस्पिक आहेत. फ्लशसाठी हातात दोन इस्पिक असणे चांगले की चार? पुष्कळ जण ‘चार’ म्हणतील. मोजून पाहा. आपल्याला ७ पाने दिसली, ४५ दिसली नाहीत. (इतरांच्या हातातली पानेही या ४५ मध्येच धरायची, कारण ती आपल्याला माहीत नाहीत.) हातात दोन इस्पिक असतील तर न दिसलेल्या पानांत ९ इस्पिक उरतात. पुढच्या दोन्ही वेळा इस्पिक न येण्याची शक्यता ३६/४५ × ३५/४४ = ७/११. म्हणजे फ्लश होण्याची शक्यता ४/११, सुमारे ३६ टक्के. हातात चार असतील तर ७ च इस्पिक उरतात. न येण्याची शक्यता ३८/४५ × ३७/४४, म्हणून होण्याची सुमारे २९ टक्के. हातातली जादा दोन पाने आपलीच वाट अडवतात.

आणखी एक गोष्ट. सहा खेळाडू असतील तर टेबलावर ३६ जोड्या असतात. त्यामुळे मध्यम डाव सहसा टिकत नाही. फ्लश करायचा तर तो एक्क्याचा असावा, हे नवख्याने लक्षात ठेवावे.

हा प्रयोग वर्गात करता येईल. सात पाने काढून ठेवा, उरलेली ४५ पिसून दोन काढा, नोंद करा. असे प्रत्येक गटाने दोन्ही प्रकारांसाठी पन्नास वेळा करावे. एका गटाच्या आकड्यांत फरक दिसेलच असे नाही. दहा गटांचे आकडे एकत्र केले की तो बहुधा उघड होईल.

विद्यार्थी विचारतील, “मग मोजता येणारा पैसे जिंकेल का?” मोजणीने निवड सुधारते, पण जुगारगृह प्रत्येक डावातून आपला वाटा काढते. म्हणून सर्व खेळाडूंनी मिळून लावलेल्या रकमेपेक्षा त्यांना परत मिळणारी रक्कम नेहमीच कमी असते. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा २०२५ साली संसदेने केला. वर्गात चिंचोके पुरेत. गणित तेच राहते.