विश्लेषण : भंडारदऱ्याच्या काजव्यांना पर्यटकांच्या उजेडाचा धोका का?

रोहिणी नक्षत्र लागले की अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात वळवाच्या सरींपाठोपाठ काजव्यांचा हंगाम सुरू होतो. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरातील झाडे रात्री लुकलुकू लागतात. ते पाहण्यासाठी मुंबई, पुणे आणि नाशिकहून मोटारींच्या रांगा लागतात. हे काजवे नेमके का चमकतात, गर्दीने त्यांचे काय बिघडते आणि या जंगलाचा इतिहास काय, याचा आढावा.

काजवे दिसतात ते जंगल कोणते?

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड आणि हरिश्चंद्रगड याच परिसरात येतात. अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्ये, प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण म्हणून ओळखले जाई.

पण हे निर्मनुष्य जंगल कधीच नव्हते. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे, उडदावणे, मुरशेत अशी गावे येथे आहेत. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती, भात, नागली आणि वरईची शेती हे येथले जगणे. त्यामुळे या अभयारण्यासंबंधीचा प्रत्येक नियम जंगलाइतकाच या गावांनाही लागू होतो.

काजवे का चमकतात?

काजवा म्हणजे भुंग्याच्या कुळातील कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे रसायन असते. ल्युसिफरेज या विकराच्या साह्याने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश निर्माण होतो. त्यात उष्णता जवळपास नसतेच. हा प्रकाश म्हणजे मीलनासाठी घातलेली साद. नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो. मादी बहुधा झुडपावर, गवतावर बसून त्याला मंद प्रकाशाने उत्तर देते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे जमले की अनेकदा सगळे झाड एका तालात उजळते आणि विझते.

मग उजेडाने नेमके काय बिघडते?

प्रौढ काजव्याचे आयुष्य अवघ्या दोन-तीन आठवड्यांचे असते. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. मोटारीचे दिवे, विजेरी, कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा हॉटेलच्या आवारातील झगझगीत दिवे यांत ही मंद साद हरवते. नराला मादीचे उत्तर दिसत नाही, मादीला नराची लय कळत नाही. एखादी रात्र अशी वाया जाणे माणसाला किरकोळ वाटेल. काजव्याच्या हिशेबात तो आयुष्याचा मोठा तुकडा असतो.

दुसरा धोका पायांखाली असतो. काजव्याची अंडी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात असतात. अळीही तेथेच वाढते आणि गोगलगायींसारख्या जिवांवर जगते. काजव्याच्या आयुष्याचा बहुतांश काळ या अवस्थेत जातो. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून रस्ता सोडून झाडाखाली शिरणारे पर्यटक नेमकी तीच जमीन तुडवतात.

मग काजवा महोत्सव बंदच का करत नाहीत?

कारण या दोन-तीन आठवड्यांवर गावांतील अनेक घरांची कमाई अवलंबून असते. चुलीवरचे जेवण, मुक्कामाची सोय, वाहनतळ, वाटाड्याचे काम यांतून पेरणीच्या तोंडावर हातात रोख पैसा येतो. बियाण्याची खरेदी याच दिवसांत करायची असते. सरसकट बंदी घातली तर त्याचा पहिला फटका या घरांना बसेल. काजवे नाहीसे झाले तरी नुकसान पुन्हा त्यांचेच. गर्दी आवरणे म्हणूनच गावांच्याही हिताचे आहे. गेल्या काही वर्षांत वन विभागाने रात्रीच्या प्रवेशाच्या वेळेवर निर्बंध आणले, ते याच कारणाने. ते पाळले जातात की नाही, हे मात्र शनिवार-रविवारच्या गर्दीत ठरते.

जायचेच असेल तर काय पाळावे?

शक्यतो सोमवार ते गुरुवारदरम्यान जावे. निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क यांची वन विभागाकडून खात्री करून घ्यावी. उजेड असतानाच मुक्कामी पोहोचावे, म्हणजे रात्री जंगलातून मोटार न्यावी लागत नाही. गावातील वाटाड्या सोबत घ्यावा. रस्ता सोडू नये. विजेरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद लावून ती पायापुरती वापरावी. काजवे पकडून बाटलीत भरू नयेत, फांद्या हलवू नयेत, गाणी लावू नयेत.

मोबाइलचा पडदाही अंधारात बराच उजेड टाकतो, त्यामुळे तो खिशातच बरा. समाजमाध्यमांवर फिरणारी सोनेरी ठिपक्यांनी भरलेली छायाचित्रे बहुधा कॅमेरा बराच वेळ स्थिर ठेवून, अनेक चित्रे एकावर एक जोडून केलेली असतात. तसे दृश्य मोबाइलवर मिळत नाही. डोळ्यांना मात्र दहा-पंधरा मिनिटे अंधाराची सवय होऊ दिली की झाडांचा ताल स्पष्ट दिसू लागतो.

हंगाम केव्हा संपतो?

मोसमी पावसाने जोर धरला की काजवे कमी होत जातात आणि पर्यटक रंधा धबधब्याकडे वळतात. पाऊस ओसरला की डोंगरउतारांवर सोनकी फुलते. तोवर काजव्यांची पुढची पिढी मातीत वाढत असते. पुढच्या रोहिणीत झाडांवर किती उजेड दिसणार, हे यंदा त्यांना किती अंधार मिळाला यावर बरेच अवलंबून राहील.