प्रोग्रॅम शिकावा कोठे : वर्गात की यंत्रापाशी?

गेल्या मे महिन्यात खेड तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा बारावी शास्त्र शाखा पास झालेला. गुण बेताचेच, पण हात चलाख. सुटीत तो चाकणला मामाच्या ओळखीने एका लहान वर्कशॉपमध्ये जाऊ लागला होता, आणि महिन्याभरात संगणकाने चालणाऱ्या लेथवर, म्हणजे सीएनसी यंत्रावर, प्रोग्रॅम कसा घालतात हे पाहून पाहून थोडेफार शिकला होता. वडील म्हणाले, "सर, पोरगं म्हणतंय कॉलेज नको, मशीनवरच शिकतो. ह्याची आई म्हणते इंजिनिअर झालाच पाहिजे. फी भरायची तर विहिरीजवळचा तुकडा काढावा लागंल. तुम्ही गणिताचे. सांगा, खरी विद्या कुठली?"

मी त्यांना बसवले, चहा मागवला, आणि खरे सांगायचे तर उत्तर लगेच दिले नाही. कारण हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण हा सगळा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. ज्या घरांतून पूर्वी नांगराची गोष्ट चाले, तेथे आता 'सेटर', 'ऑपरेटर', 'व्हीएमसी' हे शब्द चालतात. तेव्हा आईबापांना आणि शिक्षकांनाही हा प्रश्न आज ना उद्या पडणारच. म्हणून त्याचा थोडा निवांतपणे विचार करू.

प्रथम प्रोग्रॅम म्हणजे काय ते पाहू. यंत्र हा एक विलक्षण गडी आहे. अत्यंत आज्ञाधारक, कधी न थकणारा, परंतु अक्कल मुळीच नसलेला. घरच्या गड्याला आपण "गुरांना पाणी दाखव" एवढेच सांगतो. बादली घे, आडावर जा, हे तो समजून घेतो. यंत्र काहीच समजून घेत नाही. त्याला पायरी पायरीने लेखी आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञांची क्रमवार यादी म्हणजे प्रोग्रॅम. तो बँकेच्या संगणकासाठी असो की चाकणच्या लेथसाठी, तत्त्व एकच.

लेथवरच्या आज्ञा पाहा. 'एम ०३' म्हटले की चक फिरू लागतो. 'जी ००' म्हणजे टूल झपाट्याने अमुक जागी ने. 'जी ०१' म्हणजे ठरलेल्या गतीने सरळ कापत जा. 'जी ०२' आणि 'जी ०३' या वर्तुळाकार कापण्याच्या आज्ञा. 'एम ०८' म्हणजे कूलंट सोड, 'एम ३०' म्हणजे काम संपले. यंत्राला अशा आकड्यांच्या भाषेत हुकूम देण्याची युक्ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली प्रथम करून दाखवण्यात आली. तेव्हा आज्ञा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. आता त्या पडद्यावर दिसतात, इतकेच.

या आज्ञा पाठ करायला आठवडाही पुरतो. मग शिकायचे उरते काय? ते सांगण्यासाठी मी डोळ्यांनी पाहिलेली एक हकीकत सांगतो.

माझा एक माजी विद्यार्थी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये ऑपरेटर आहे. कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षीच सोडले. एके दिवशी त्याचा फोन आला, "सर, जरा येता का? इथं आम्ही दोघं अडलोय." मी गेलो. एक निमुळता जॉब करायचा होता. ड्रॉइंगवर मोठ्या टोकाचा व्यास ४० मिलिमीटर, लांबी ५० मिलिमीटर आणि बाजूचा अक्षाशी कोन १० अंश, एवढेच दिलेले. लहान टोकाचा व्यास काढायचा होता. माझ्या विद्यार्थ्याला यंत्र तळहातासारखे ठाऊक. परंतु कोनावरून व्यास काढायचा कसा, हे त्याला येईना. त्रिकोणमितीच्या तासाला तो खिडकीबाहेर पाहत असे, हे मला आठवले.

त्याच्याबरोबर नुकताच पदवी घेऊन आलेला एक तरुण अभियंता होता. त्याने गणित चटकन केले. १० अंशाचा टॅन ०.१७६३, त्याला ५० ने गुणले की आले ८.८२. ते ४० मधून वजा केले, ३१.१८. आकडा प्रोग्रॅममध्ये घातला, जॉब निघाला, आणि गेजमध्ये बसेना!

चूक कोठे झाली? ८.८२ ही घट एका बाजूची. जॉब गोल आहे, म्हणून घट दोन्ही बाजूंनी होते. आणि लेथवर 'एक्स' पुढे आपण लिहितो तो आकडा सर्वसाधारणपणे व्यासाचा असतो. तेव्हा ८.८२ ची दुप्पट, म्हणजे १७.६३, वजा करायला हवी होती. उत्तर २२.३७. अभियंत्याला टॅन ठाऊक, पण यंत्र व्यास मोजते हे ठाऊक नव्हते. ऑपरेटरला यंत्र व्यास मोजते हे ठाऊक, पण टॅन ठाऊक नव्हता. दोघांजवळ अर्धी अर्धी विद्या होती. नशीब एवढेच की धातू जादा राहिला होता. पुन्हा कापून जॉब वाचला. चूक उलट्या दिशेची असती तर तो भंगारात गेला असता.

आता मीही काही शहाणा नव्हतो बरे का. एम. ए. गणिताचे, परंतु मी प्रोग्रॅम लिहून दाखवला तेव्हा ४० पुढे दशांशाचे टिंब द्यायला विसरलो. माझ्या विद्यार्थ्याने हात धरून थांबवले. पुष्कळ यंत्रांवर टिंब नसले तर ४० म्हणजे चाळीस मिलिमीटर नव्हे, चाळीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग होतो. टूल तितक्याच झपाट्याने थेट जॉबच्या मध्याकडे धावले असते. कारखान्यात याला 'टूल ठोकले' म्हणतात. टूल मोडते, चक बिघडतो, आणि दार उघडे असले तर माणसाला इजाही होते. कागदावर माझे गणित बरोबर होते. यंत्रापाशी ते धोकादायक होते.

आता लेथ सोडून हिंजवडीच्या किंवा तळवड्याच्या संगणक कंपन्यांतले काम घ्या. समजा, आपल्या तालुक्याच्या यादीत दहा हजार नावे आहेत आणि एक नाव शोधायचे आहे. स्वतःच शिकलेला मुलगा बहुधा सरळ मार्ग धरील: पहिल्या नावापासून शेवटपर्यंत पाहत जायचे. पन्नास नावांवर करून पाहिले तर प्रोग्रॅम झकास चालतो. दहा हजार नावांवर मात्र वाईट वेळ आली तर दहा हजार वेळा पाहावे लागते. विद्यापीठात दुसरी रीत शिकवतात. यादी अकारविल्हे लावायची, मधले नाव पाहायचे, हवे ते नाव पुढच्या अर्ध्यात की मागच्या ते ठरवायचे, आणि नको असलेले अर्धे सोडून द्यायचे. असे निम्मे निम्मे करीत गेले की जास्तीत जास्त चौदा वेळा पाहून काम भागते. दहा हजार कोठे आणि चौदा कोठे! अशी रीत असते हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती पुस्तकात शोधणार तरी कशी? एकट्याने शिकणाऱ्याची खरी अडचण ही आहे. आपल्याला काय येत नाही, हेच त्याला कळत नाही.

परंतु याच यादीची दुसरी बाजूही पाहा. पदवीधराने ती सुंदर रीत वापरली, आणि गावाकडून आलेल्या यादीत एकीकडे 'शिंदे' आणि दुसरीकडे 'शिन्दे' लिहिलेले; कोठे आडनाव आधी, कोठे नाव आधी. यादी नीट लागलेलीच नाही, तर निम्मे निम्मे करून नाव सापडणार कसे? पुस्तकातली यादी नेहमी स्वच्छ असते, कामातली क्वचित. हे शहाणपण वर्गातल्या फळ्यावर येत नाही. ते चुकत माकत, दुसऱ्याची यादी सुधारीत बसल्यानेच येते.

कोणी म्हणेल, मोठमोठ्या लोकांनी तर स्वतःच शिकून कामे केली. खरे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका लहान गटाने संपूर्ण संगणक बांधला. १९६० साली तो कामाला लागला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. हे यंत्र बांधायला त्यांना कोणत्या विद्यापीठाने शिकवले नव्हते. परंतु ते कोऱ्या पाटीने बसले नव्हते. गणित, पदार्थविज्ञान, अभियांत्रिकी यांचा पाया त्यांनी आधी घातलेला होता. स्वतः शिकणे हे दुसऱ्या मजल्यासारखे आहे. खाली भिंती असल्या तर तो लवकर चढतो.

शिवाय भाषा बदलत असतात. 'फोरट्रान' १९५७ साली आली, 'सी' १९७२ च्या सुमारास, 'पायथॉन' १९९१ साली. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतात, आणि कारखान्यातले यंत्र एका दिवाळीला बदलते. म्हणून भाषा कॉलेजात शिकलो एवढ्यावर कोणी थांबू नये. ती ज्याची त्याने पुन्हा पुन्हा शिकायचीच आहे. त्रिकोणमिती, तर्क, यादी लावण्याच्या रीती मात्र सहसा शिळ्या होत नाहीत. त्या क्रमाने, कोणी तपासणारा समोर असताना शिकलेल्या बऱ्या.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, कडू असली तरी सांगितली पाहिजे. माझ्या ओळखीचा एक उत्तम सेटर दहा वर्षे एका कारखान्यात काम करीत होता. नवे पोरगे आले की त्याच्याच हाताखाली द्यायचे. परंतु बढतीची वेळ आली की विचारणा व्हायची, "सर्टिफिकेट कुठंय?" त्याने शिकवलेली मुले त्याच्या पुढे गेली. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. पण फाटकातून आत जाताना हात कोणी पाहत नाही, कागद पाहतात. आणि उलट, कागद आहे पण हात नाही, अशी मुलेही पदवीची गुंडाळी घेऊन फाटकाबाहेर उभी असलेली मी पाहिली आहेत.

मग करावे काय? सुदैवाने या दोन वाटांच्या मधून जाणाऱ्या वाटा आहेत, आणि त्यांसाठी शेत विकावे लागत नाही. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, आपण ज्याला आयटीआय म्हणतो तेथे, टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा शिक्षणक्रम थोड्या खर्चात होतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. काम शिकणे आणि कागद मिळणे दोन्ही साधते. आयटीआय नंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर पदवीच्याही. नोकरी करीत शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटीईएल' या योजनेतून मोबाईलवर फुकट ऐकायला मिळतात. बहुतेक इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी. पण दोघातिघांनी मिळून, एखाद्या शिक्षकाला सोबत घेऊन ऐकली तर ती सुटते.

एकट्याने शिकणाऱ्या मुलांना माझे तीन शब्द. एक, यंत्र चालवण्यापूर्वी ते काय करील हे वहीत लिहा, मग चालवा आणि ताडून पाहा. दोन, चुकांची वेगळी वही ठेवा. तीन, कंटाळवाणा धडा गाळू नका. पुढे अडते ते बहुधा त्याच धड्यापाशी. कॉलेजातल्या मुलांना एकच सांगणे: सुटीत कोठेतरी यंत्रापाशी उभे राहा, हात काळे होऊ द्या.

आणि शिक्षकबंधूंनो, आपल्यालाही थोडे सांगायचे आहे. माझा तो विद्यार्थी खिडकीबाहेर पाहत होता, हा दोष सगळा त्याचा नव्हता. मी फळ्यावर नुसता त्रिकोण काढला होता. त्या जागी निमुळता जॉब काढला असता, तर कदाचित त्याने मान वळवली असती. आता मी टॅन शिकवतो तो ४० आणि ५० चे ते ड्रॉइंग घेऊनच, आणि ३१.१८ उत्तर आणणाऱ्याला विचारतो, "दुसरी बाजू कोणी कापायची?"

त्या दिवशी गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "अण्णा, विद्या दोन्ही खऱ्या, पण एकेकटी अर्धी आहे. जमीन आत्ता विकू नका. पोराला आधी आयटीआयला घाला. गणितासाठी रविवारी माझ्याकडे पाठवा. दोन वर्षांनी त्याला पुढे शिकावेसे वाटले तर वाट मोकळी आहे." मुलाचे तोंड जरा उतरले, कारण त्याला गणितच टाळायचे होते. पण तो येतो. परवाच त्याने दशांशाचे टिंब दिले नव्हते; मी बोट ठेवण्याआधीच त्याने स्वतः ते दिले. विहिरीजवळच्या तुकड्यात यंदा कांदा लावला आहे, असे त्याने जाता जाता सांगितले.